राष्ट्रीय एकात्मता आणि हिशेबाची वही

(टेंभी नाका, ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राष्ट्रीय एकात्मता हा विषय दिला की वक्त्याकडून काय अपेक्षित असते हे मला ठाऊक आहे. हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंतचा प्रवास, नद्यांची आणि संतांची नावे, आणि अखेरीस उभे राहून घ्यावयाची शपथ. त्या वाटेने मी आज जाणार नाही. भावना खोटी असते असे माझे म्हणणे नाही. पण केवळ भावनेवर उभे असलेले घर किती काळ एकत्र राहते याचा अनुभव येथे बसलेल्या पुष्कळांच्या गाठी असेल. प्रेम आटल्यामुळे भाऊ विभक्त झाले असे क्वचितच घडते. घरात पैसा कोणाचा येतो, तो कोणावर खर्च होतो आणि वही कोणाच्या उशाखाली असते, यावरून चुली वेगळ्या होतात. वाटणीच्या दिवशीसुद्धा डोळ्यांना पाणी असतेच.

नव्याने स्वतंत्र झालेला देश हे असेच एक एकत्र कुटुंब असते. ध्वज एका रात्रीत उभारता येतो. राज्यघटना लिहावयास आपल्याला तीन वर्षांहून थोडा कमी काळ लागला. परंतु जमशेदपूरचा भट्टीकामगार, बीडचा कोरडवाहू शेतकरी आणि वागळे इस्टेटीतला फिटर यांचे पोट एकाच संसारात भरते आहे, ही जाणीव कोणत्याही कलमाने निर्माण होत नाही. ती कर, भाडे, किंमत, मजुरी अशा रुक्ष गोष्टींतून घडते, आणि त्यातूनच मोडतेही.

ती कशी मोडते हे आपल्या डोळ्यांदेखत शेजारी घडले. पाकिस्तान या नवजात राष्ट्राने धर्माचा एक धागा पुरेसा मानला. पूर्व बंगालचा ताग परदेशात जाई आणि पन्नाशीच्या दशकात त्या देशाचे परकीय चलन मुख्यतः त्यातूनच येई. ते चलन खर्च करण्याचे परवाने मात्र कराचीत वाटले जात; राजधानी तेथे, लष्कर तेथे, गिरण्याही तेथेच. १९६६ साली शेख मुजीबुर रहमान यांनी लाहोरात सहा कलमे मांडली. आज आपण त्यांच्याकडे स्वायत्ततेचा जाहीरनामा म्हणून पाहतो. ती कलमे नीट वाचली तर त्यांतली निम्मी हिशेबाची आहेत: चलन वेगळे ठेवा किंवा एका भागातले भांडवल दुसऱ्या भागात वाहून जाणार नाही अशी तजवीज करा, कर घटक राज्यांनी बसवावेत, परकीय चलनाची खाती दोन असावीत. वही उघडून दाखवा, एवढेच पूर्व बंगाल मागत होता. उत्तर बंदुकीने मिळाले आणि १९७१ साली देश दुभंगला. भाषेचा अपमान हे त्या फुटीचे मोठे कारण होते, हे मी विसरलेलो नाही. पण अपमान आणि लूट एकत्र आले, तेव्हाच माणसे रस्त्यावर मरावयास तयार झाली.

आपल्या देशाच्या धुरीणांना हा धोका दिसत होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. इंग्रजांनी उद्योगधंदे मुंबई, कलकत्ता, मद्रास या बंदरांभोवती गोळा केले होते. उरलेला देश कच्चा माल आणि मजूर पुरवी. ही विषमता तशीच ठेवून राष्ट्र एक होणार नाही, असे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ठरले आणि त्यातून एक धोरण निघाले, ज्याचे नाव आज या सभेत क्वचित कोणास ठाऊक असेल: वाहतूक-खर्च समानीकरण. पोलाद देशातल्या कोणत्याही रेल्वे मालधक्क्यावर एकाच भावाने मिळावे, सिमेंटचेही तसेच व्हावे, असा तो संकल्प. त्याची रीत सोपी होती. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक टनाच्या किमतीत साऱ्या देशाच्या वाहतुकीची सरासरी मिळवायची. भट्टीच्या दाराशी माल घेणाऱ्याने प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त द्यायचे, आणि ज्याच्याकडे माल दीड हजार किलोमीटर वाहून न्यायचा त्याला तेवढे कमी पडायचे. कागदावर पाहिले तर याहून समाजवादी, याहून बंधुभावाचे धोरण कोणते? पंजाबच्या लोहाराला आणि केरळच्या कारखान्याला देशाचे पोलाद सारख्याच भावात.

आता या धोरणाने आपल्या ठाण्यात काय केले ते पाहू. हावड्याहून निघणारा लोहमार्ग टाटानगर, नागपूर, भुसावळ, कल्याण असा येत येथून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या ठाणे स्थानकातून पुढे मुंबईला जातो. त्या मार्गाने येणाऱ्या वाघिणींतले पोलाद ठाण्याच्या कारखानदाराला जमशेदपूरच्या भावात पडू लागले. बंदर येथे, भांडवल येथे, घाटमाथ्यावरची टाटांची वीज येथे, कुशल कामगार येथे, गिऱ्हाईकही येथेच; एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे खाण आणि भट्टी. ती उणीव सरकारी धोरणाने भरून काढली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, वागळे इस्टेट उभी राहिली, मागोमाग डोंबिवलीची आणि ठाणे-बेलापूर पट्ट्याची वसाहत आली. जमीन, पाणी, रस्ते महामंडळाचे. पोलादाचे वाहतूकभाडे देशाचे.

ते भाडे नेमके कोणी भरले? ते भरले बिहारने, आज ज्याला आपण झारखंड म्हणतो त्या भागाने, तसेच बंगाल, ओरिसा आणि मध्य प्रदेशाने. खनिजाच्या शेजारी राहण्याचा जो एकमेव नैसर्गिक फायदा त्यांच्याकडे होता तो बंधुभावाच्या नावाने काढून घेण्यात आला. भट्टी त्यांच्या अंगणात, पण पोलादापासून यंत्रे, सायकली, खिळे, पत्रे बनविणारे कारखाने तेथे उभे राहण्याचे कारणच उरले नाही. बरे, बंधुभाव दोन्ही बाजूंनी असता तर गोष्ट वेगळी होती. आपला कापूस बिहारच्या गिरणीला समान भाड्याने मिळावा असे काही ठरले नाही. महाराष्ट्राचा आणि गुजरातचा कापूस पूर्वेकडे जाताना पूर्ण भाडे भरीत राहिला. सिमेंटवरचे हे समानीकरण १९८९ साली उठले, पोलादावरचे नव्वदीच्या आरंभी. तोपर्यंत साडेतीन दशके उलटली होती आणि कारखाने जेथे बसायचे तेथे बसले होते.

बिहारच्या दारिद्र्याचे सारे खापर मी या एका धोरणावर फोडीत नाही. कायमधाऱ्याची जमीनदारी, अर्धवट राहिलेल्या जमीनसुधारणा, जातीची उतरंड आणि तेथल्या राज्यकर्त्यांचा नाकर्तेपणा यांचा वाटा मोठा आहे. आणि समानीकरण नसते तरी ठाणे ओसाड राहिले असते असेही नाही. पण त्या वहीत आपल्या नावे जी रक्कम निघते ती निघतेच.

एक गोष्ट येथे मध्येच सांगतो, कारण ती आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याची आहे. ही रक्कम ठाण्याच्या नावे निघाली, पण ती ठाण्याच्या कामगाराच्या खिशात पडली काय? स्वस्त पोलाद देताना कारखानदारावर कोणतीही अट घालण्यात आली नाही. भावातली सूट मजुरीत दिसावी, कारखाना किमान अमुक वर्षे चालवावा, असे काही नाही. ऐंशी-नव्वदीच्या दशकांत एकेक भोंगा बंद पडत गेला, कारखान्याच्या आवारात मनोरे उभे राहिले, आणि ज्याच्या बापाने तेथे लेथ चालविली त्याचा मुलगा त्याच फाटकावर पहारेकऱ्याच्या गणवेशात उभा राहिला. बिहारने दिले, देशाने वाहून आणले, आणि जमिनीच्या भावात विरघळले. समाजवादी नाव लावलेल्या धोरणातून मालकाचा खाजगी नफा कसा निघतो, हे पाहायला आपल्याला ठाण्याबाहेर जावे लागत नाही.

पुढची गोष्ट तुम्हांला माझ्याइतकीच माहीत आहे. ज्या लोहमार्गांवरून पोलाद आले त्यांवरूनच पुढे माणसे आली. कल्याणला उतरलेला तरुण बांधकामावर, भाजीच्या गाडीवर, रिक्षात, गोदामात कामाला लागला. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबई परिसरातल्या केंद्रांवर मारहाण झाली आणि त्या आठवड्यात आपल्या कल्याण-डोंबिवलीनेही तणावाचे दिवस पाहिले. भरतीच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत येत नाहीत ही त्या वेळची तक्रार दखल घेण्याजोगी होती. मराठी तरुणाची बेकारी हा काही कोणी रचलेला देखावा नव्हे. पण ज्याला मारले त्या मुलाच्या प्रांताने आपल्या कारखान्यांचे भाडे साडेतीन दशके भरले, हे मारणाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते. आणि मार खाणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते. माझ्या मते या धोरणाचे खरे अपयश येथे आहे. त्याग बिहारने केला, पण तो त्याला कोणी विचारून केला नाही, आणि ज्याच्यासाठी केला त्यालाही कळू दिले नाही. अशा त्यागातून कृतज्ञता निर्माण होत नाही. देणाऱ्याच्या मनात काहीतरी लुबाडले गेल्याची अस्पष्ट जळजळ राहते आणि घेणारा हे सारे आपल्याच कर्तबगारीचे फळ समजतो.

अलीकडे आणखी एक तक्रार कानावर येते: आमचा कर दिल्लीला जातो आणि तेथून बिहारला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या वाटपयोग्य निधीतून बिहारला १०.०५८ टक्के आणि महाराष्ट्राला ६.३१७ टक्के वाटा ठरविला. केंद्राच्या तिजोरीत महाराष्ट्रातून जाणारी रक्कम पाहता हा आकडा मराठी माणसास खुपतो, हे मी समजू शकतो. मुंबईत मुख्य कार्यालय असलेली कंपनी देशभर माल विकते आणि आयकर येथे भरते, हा त्यातला तपशील कोणी सांगत नाही, तो भाग सोडून देऊ. मी एवढेच म्हणतो की या हिशेबाची पाने २०२१ पासून उघडू नका. मागची पानेही चाळा. तसे केले म्हणजे आजचे प्रत्येक सूत्र आपोआप न्याय्य ठरते असे नाही. त्यावर भांडता येईल, आणि भांडावे. १९६९ साली धनंजयराव गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना राज्यांना द्यावयाच्या साहाय्याचे सूत्र ठरले, ते यासाठीच महत्त्वाचे होते. लोकसंख्येला साठ टक्के भार, उरलेल्यात दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू सिंचन व वीजप्रकल्प आणि विशेष अडचणी यांना दहा-दहा. ते सूत्र निर्दोष नव्हते, पण कोणत्याही राज्याचा मुख्यमंत्री पेन्सिल घेऊन आपला वाटा काढून पाहू शकत होता. मेहेरबानीच्या जागी गणित आले होते. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन मंडळाच्या जागी नीती आयोग आला, आणि असा योजनानिधी वाटण्याचे काम त्याच्याकडे राहिले नाही.

उघड्या वहीचे दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे, आणि त्याविषयी मला थोडे सविस्तर बोलावयाचे आहे. १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला. त्या लढ्यात एस. एम. जोशी संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस होते, याचा आपल्याला अभिमान आहे. पण हे राज्यही एक नवे राष्ट्रच होते म्हणा: मुंबई इलाख्याचा भाग, निजामाच्या राज्यातून आलेला मराठवाडा, मध्य प्रांतातून आलेला विदर्भ. भाषा एक, पण तीन घरांच्या तीन वह्या. १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला आणि मराठवाड्याला न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले होते. मुंबई-ठाण्यात कारखाने वाढत असताना उरलेला महाराष्ट्र कोरडा पडत होता, आणि १९७२च्या दुष्काळाने ते भीषण रीतीने उघड केले. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडीत होती. बायका, म्हातारी माणसे, काल-परवापर्यंत स्वतःची बैलजोडी असलेले शेतकरीही.

यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिची कल्पना वि. स. पागे यांची, विधान परिषदेच्या सभापतिपदावर असलेल्या या गांधीवादी गृहस्थांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे साठीच्या दशकातच त्याचा प्रयोग केला होता. मागणाऱ्या प्रत्येक प्रौढास पंधरा दिवसांत अंगमेहनतीचे काम, न दिल्यास बेकारभत्ता, हा हक्क कायद्याने मान्य झाला. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. दुष्काळी मजुरांच्या मोर्च्यांनी, समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, लाल निशाण या साऱ्यांच्या रेट्याने ते घडले. पण आज मला त्याच्या दुसऱ्या बाजूकडे तुमचे लक्ष वेधावयाचे आहे. पैसा कोठून आला?

नोकरदार साथींनी आपले पगारपत्रक आठवावे. त्यात एक ओळ असते, व्यवसाय कर. बोलण्यात आपण पी. टी. म्हणतो. आज बहुतेकांचे महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये त्यात कापले जातात. हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठी बसला. त्याच्या जोडीला मोटार वाहने, विक्रीकर, बागायती जमीन, शहरांतल्या बिगरनिवासी इमारती यांवर अधिभार आले, आणि जेवढे जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. म्हणजे वागळे इस्टेटीतल्या टर्नरच्या आणि डोंबिवलीच्या कारकुनाच्या पगारातून निघालेला रुपया बीडच्या नालाबंडिंगवर आणि सोलापूरच्या पाझर तलावावर मजुरी म्हणून पोचत होता. नाव छापलेले होते, रक्कम छापलेली होती, कारण कायद्यात लिहिलेले होते.

या योजनेत शहराचा स्वार्थ नव्हता असे कोणी समजू नये. दुष्काळी गावातली माणसे गावातच राहावीत, मुंबई-ठाण्याच्या फुटपाथवर येऊ नयेत, हा हिशेब धोरणकर्त्यांच्या मनात होता. पाझर तलावाचे पाणी पुष्कळदा बागायतदाराच्याच विहिरीला लागले, हजेरीपटावर खोटी नावे आली, मजुरी महिनोन्महिने रखडली, हेही खरे. तरी मी म्हणेन की महाराष्ट्र एक करण्याचे जे काम गौरवगीतांना जमले नाही त्यातले काही या करडाने केले. एकाने दिले, दुसऱ्याने घाम गाळून घेतले, आणि ते भीक म्हणून कोणी घेतले नाही. हक्क म्हणून मागितले. २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा डोळ्यांपुढे नमुना महाराष्ट्राचाच होता.

दुर्दैवाने पुढे ही वहीही मिटली. १९८८नंतर कामे रोडावत गेली, कर मात्र चालू राहिला. पगारपत्रकातली ती ओळ कशासाठी आहे हे आज तिशीतल्या तरुणास विचारा. शंभरातल्या पाचांनाही सांगता येईल असे मला वाटत नाही. देणाऱ्याला आठवण राहिली नाही, की देणे हा नुसता कापलेला पैसा होतो.

अनुशेषाचेही असेच झाले. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली जिल्हावार मोजमाप करून ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात विदर्भ-मराठवाडा होतेच; पण उर्वरित महाराष्ट्राच्या पोटातले कोकणासारखे मागासलेले जिल्हेही आकड्यांत दिसले. मोजमाप प्रामाणिक असले की कोणाच्याच सोयीचे राहत नाही. वैधानिक विकास मंडळे यायला मात्र १९९४ साल उजाडले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली तेव्हा राज्यभर फारशी हळहळ झाली नाही.

एक देश, एक बाजार, एक कर ही घोषणा १ जुलै २०१७ पासून आपण ऐकतो आहोत. बाजार एक झाला म्हणजे माणसे एक होतात, हा समज मुंबई-ठाण्याच्या व्यापाऱ्यास मानवणारा आहे. माल नाक्यावर अडला नाही हे चांगलेच झाले. पण मालाला मोकळी वाट आणि माणसाला परीक्षा केंद्रावर काठी, ही एकात्मता कोणत्या प्रकारची?

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या घरची. बिहारचे देणे आपण कसे फेडणार हा मोठा प्रश्न आहे. ठाणे जिल्ह्यातले एक देणे मात्र आपल्या आवाक्यातले आहे. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. भातसेचे मुंबईला आणि आपल्या ठाण्यालाही मिळते. धरणांसाठी जमिनी तेथल्या आदिवासींच्या आणि कुणब्यांच्या गेल्या. आणि दर उन्हाळ्यात त्याच शहापुरातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. जलवाहिनी दाराशेजारून जाते आणि घरात घागर रिकामी, हे जमशेदपूरच्या भट्टीहून वेगळे नाही. फक्त अंतर दीड हजार किलोमीटरांऐवजी तासा-दीड तासाचे आहे.

म्हणून मी एक ठराव लिहून आणला आहे. ठाणे आणि मुंबई महापालिकांनी पाणीपट्टीच्या बिलावर शहापूरच्या पाणीयोजनांसाठी वेगळी रक्कम आकारावी, लहान असो पण वेगळ्या ओळीत छापावी. आणि त्या पैशातून कोणत्या पाड्यावर कोणती योजना झाली याची यादी दरवर्षी एप्रिलच्या बिलामागे द्यावी. झोपडपट्टीतल्या सार्वजनिक नळांना आणि लहान घरांना ती आकारणी माफ असावी. पोहण्याचे तलाव असलेल्या गृहसंकुलांना आणि कारखान्यांना चढती असावी. कामगार संघटनांनी हा ठराव आपापल्या सभेत संमत करून दोन्ही महापालिकांकडे पाठवावा. शहापूरच्या साथींना विचारल्यावाचून त्यातला शब्द कायम करू नये. ते काय म्हणतात ते आधी ऐकायचे आहे. मसुदा अध्यक्षांच्या हाती देत आहे. ज्यांच्या हरकती असतील त्यांनी आता उभे राहून मांडाव्यात.